कन्येच्या संगणकातील वायरीपायी वहिनींची वीज तुटल्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
वीजपुरवठा उपविभाग कार्यालय,
तक्रार खिडकीच्या वरचा मजला.

विषय : तळमजल्यावरील इस्त्रीच्या दुकानाचा तोडलेला वीजपुरवठा आजच जोडून मिळणेबाबत, आणि तो तोडायला लावणारी माझी तक्रार खोटी धरणेबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, आपल्याकडे नोंद असलेला.
२) त्यावर आपल्या कार्यालयाने दाखवलेली तत्परता.
३) आपल्या बड्या बाबूंनी काल खिडकीवर मला दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, मी आपल्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल-खुर्ची टाकून लोकांचे अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय करतो. आपल्या टेबलावर येणाऱ्या ज्या अर्जात समास सरळ असतो आणि 'सबब' हा शब्द नेमक्या जागी पडलेला असतो, तो बहुधा माझ्या हातचा असतो. काल मी खिडकीवर जाऊन, माझी तक्रार मी परत घेतो, तेवढी खालची वीज जोडा, अशी तोंडी विनंती केली. त्यावर बडे बाबू म्हणाले, "तक्रार म्हणजे काय शेजाऱ्याकडून आणलेली शिडी आहे, काम झालं की नेऊन ठेवायला? कारण काय ते सविस्तर लेखी द्या. लोकांना तुम्हीच सांगता ना, तोंडी काही चालत नाही म्हणून?" सांगतो. रोज सांगतो. सबब हा अर्ज.

२. वस्तुस्थिती अशी की, आमचे घर दुमजली असून वर मी, पत्नी आणि कन्या राहतो. खाली पुढच्या खोलीत माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, राहतात आणि तिथेच इस्त्रीचे दुकान चालवतात. बंधू गेल्यापासून त्याच दुकानावर त्यांचे पोट आहे. जवळच्या रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिकांचे गणवेश त्यांच्याकडे येतात. हेच त्यांचे खरे गिऱ्हाईक, बाकी शर्ट-पँट म्हणजे चिल्लर. घर वहिनी आणि मी, अशा दोघांच्या नावे आहे. दोन्ही मीटर जिन्याखाली एकाच फळीवर आहेत, ही बाब माझ्या तक्रारीत मी अधोरेखित केली होती.

३. माझी कन्या न बांधलेल्या इमारतींची चित्रे संगणकावर काढते. बिल्डर लोकांना घर उभे राहण्याआधी त्याच्या खिडकीत ऊन कसे पडेल ते बघायचे असते. अशा कामाला साधा संगणक पुरत नाही, म्हणून तिने मोठे ग्राफिक्स कार्ड आणले. दुकानातील कारागिराने ते बसवून दिले. त्या कार्डाच्या कडेला विजेची दोन भोके आहेत, आणि त्याने पॉवर सप्लायच्या डब्यातून दोन स्वतंत्र वायरी काढून एकेका भोकात एकेक लावली होती. संगणकाच्या एका बाजूला काच आहे, आतले सगळे दिसते.

४. साहेब, इथून माझा दोष सुरू होतो, तो मी आडपडदा न ठेवता लिहितो. त्या दोन वायरींपैकी एक काचेच्या आत आडवी लोंबत होती. माझा उभा जन्म कागदांच्या चळती दोऱ्याने बांधण्यात गेला. सुटे काही लोंबताना दिसले की माझ्या हाताला खाज सुटते. कन्या बिल्डरकडे गेली असता मी काच उघडली. बघतो तर प्रत्येक वायरीला टोकाशी दोन-दोन तोंडे, एक लावलेले आणि एक रिकामे. मला वाटले, कारागिराला अक्कल नाही, एका वायरीत भागत असता दुसरी कशाला? मी आडवी वायर उपटली, खोक्यात टाकली, आणि उरलेल्या एकाच वायरीची दोन्ही तोंडे दोन्ही भोकांत घातली. मग ती वायर फाईलच्या नाडीने अशी सुबक बांधली की मी स्वतःच दोन वेळा लांबून जाऊन पाहून आलो. गिऱ्हाइकांना मी नेहमी बजावतो की एका अर्जात दोन मागण्या घालू नका, दोन्ही बुडतात. ती अक्कल त्या वेळी कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

५. त्यानंतर संगणक साध्या कामाला व्यवस्थित चाले. पण कन्येने इमारतीचे चित्र पक्के करायला लावले, की पंखे घोंघावत, पडदा काळा होई, आणि सगळे यंत्र धपकन बंद पडे. तिने आपल्या परीने सर्व उपाय केले. कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून नवा घातला. बाहेरची धूळ झटकली. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिले. स्टॅबिलायझरही आणला. शेवटी तिने मला विचारले, "बाबा, तुम्ही आत काही हलवलंत का?" मी म्हणालो, काडीसुद्धा नाही. बांधणे म्हणजे हलवणे नव्हे, असे मी मनात स्वतःला समजावले. खोटे बोलायला मला अशी बारीक वाट नेहमी सापडते, धंद्याची सवय आहे.

६. दुकानदाराने सांगितले, पूर्ण संगणकच घेऊन या. पण रिक्षात हिंदकळून माझी बांधणी विस्कटेल म्हणून मी नुसते कार्ड काढून नेले. तिथे त्यांनी ते आपल्या संगणकात घातले आणि ते दुपारभर ठणठणीत चालले. घरी आणून मी ते पुन्हा माझ्याच पद्धतीने बसवले, आणि संध्याकाळी पुन्हा पडदा काळा. तेव्हा मी निष्कर्ष काढला की, कार्ड दुकानात चालते, घरात चालत नाही, त्याअर्थी दोष घरच्या विजेत आहे. वाक्य इतके चोख जमले की त्यावर शंका घ्यायचे मलाच सुचले नाही. कन्या म्हणाली, "बाबा, वीज कमी पडली असती तर आधी दिवे नसते का गेले?" मी तिला म्हणालो, तू तुझी चित्रे काढ, विजेचे मी बघतो. पत्नी म्हणाली, "यांना ठेच लागली तरी हे दगडाविरुद्ध अर्ज करतील." ते विधान मी त्या वेळी गांभीर्याने घेतले नाही.

७. संध्याकाळी वहिनींची इस्त्री चालू असते, आणि ती तापायला लागली की आमच्या जिन्यातला दिवा किंचित मंद होतो. संगणकही संध्याकाळीच बंद पडे, कारण कन्या जड काम संध्याकाळी लावते. मी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. परंतु नुसते 'वीज कमी पडते' असे लिहिले तर आपले कार्यालय ढिम्म हलत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे, क्षमा असावी. म्हणून मी लिहिले की, तळमजल्यावरील ग्राहक घरगुती मीटरवर व्यवसाय करीत असून त्यायोगे वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या जीवितास व मौल्यवान यंत्रसामग्रीस धोका उत्पन्न झाला आहे. 'तळमजल्यावरील ग्राहक' असे लिहिले, वहिनी असे लिहिले नाही. आणि पुरावा म्हणून, त्यांनी व्यावसायिक मीटरसाठी आपल्याकडे केलेल्या अर्जाचा आवक क्रमांक दिला. तो अर्ज त्यांच्यासाठी मीच लिहिला होता, म्हणून क्रमांक मला तोंडपाठ होता.

८. आपला वायरमन आला त्या दिवशी मी घरीच थांबलो होतो. त्याला फळीपर्यंत हात पोचेना म्हणून शिडी मी दिली आणि ती धरूनही मीच उभा राहिलो. तो भला माणूस वहिनींना म्हणाला, "ताई, माझा काही इलाज नाही, वरून तक्रार आलीय." वहिनींनी वर आभाळाकडे पाहिले. त्यांना वाटले, वरून म्हणजे मोठ्या साहेबांकडून. मी शिडी घट्ट धरली. काम झाल्यावर वहिनींनी वायरमनला आणि मला, दोघांनाही पाणी आणून दिले आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही घरी होतात म्हणून बरं, मी एकटी असते तर घाबरले असते." ते पाणी मी प्यायलो, साहेब. नाही म्हणण्याचे धाडस झाले नाही.

९. त्याच संध्याकाळी, खाली मिट्ट अंधार आणि जिन्यातला दिवा लख्ख असताना, कन्येने चित्र पक्के करायला लावले, आणि संगणक नेहमीसारखाच बंद पडला. इस्त्री बंद, तरी हे बंद. म्हणजे चूक कुठे आहे ते कळले नाही तरी ती खाली नाही, एवढे मला तिथल्या तिथे कळले होते. त्याच क्षणी मी आपल्याकडे धाव घ्यायला हवी होती. मी गेलो नाही. आज बघू, उद्या बघू, कदाचित विजेला मुरायला वेळ लागत असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. विजेला मुरायला वेळ लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

१०. तेवढ्या अवधीत वहिनींनी माळ्यावरून बंधूंच्या वेळची कोळशाची इस्त्री काढली. मनगट आधीच दुखरे, त्यात ते धूड. दारात बसून त्या कोळसे फुलवत, आणि मी जिना उतरताना चपला हातात घेऊन उतरत असे. कोळशाची राख उडून एका डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर डाग पडला. रुग्णालयाने सगळा गठ्ठा परत पाठवला आणि निरोप दिला की तीन दिवसांत गणवेश नीट मिळाले नाहीत, तर काम यंत्रवाल्या लाँड्रीला देऊ. ती मुदत उद्या सकाळी, म्हणजे या अर्जाच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, संपते. विषयात 'आजच' हा शब्द मी सवयीने घातलेला नाही.

११. पुढचे घडले ते निरोप आला त्याच संध्याकाळी. वहिनी जिना चढून वर आल्या. त्या सहसा वर येत नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, कुणीतरी जळतंय आपल्यावर. दुनियेचे अर्ज लिहिता, आता माझा लिहा. ज्यानं हे केलं त्याचं नाव शोधून काढा आणि असं लिहा की साहेबाला पाझर फुटला पाहिजे." मी कागद घेतला. 'प्रति' लिहिले, स्वल्पविराम दिला, आणि पुढे अक्षर उमटेना. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हणालो, पेनातली शाई संपली. त्या म्हणाल्या, "बरं, उद्या लिहा, घाई नाही." घाई त्यांनाच होती. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वहिनी गेल्यावर ती म्हणाली, "शाई की लाज?" आणि आत निघून गेली.

१२. दुसऱ्या दिवशी कन्येने वैतागून संगणकाची काच काढली. वायरीमागची, काचेतून न दिसणारी गाठ पाहून तिने फक्त विचारले, "बाबा, ही गाठ कुणाची?" ती गाठ आपल्या कार्यालयातील शिपायांनाही माझी म्हणून ओळखता येते. तिने कात्रीने नाडी कापली, खोक्यातून दुसरी वायर काढली, आणि कारागिराने लावल्या होत्या तशा दोन भोकांना दोन स्वतंत्र वायरी लावल्या. मग मला समोर बसवून समजावले की, जड काम लागले की कार्ड एकदम भरपूर वीज ओढते, ती सगळी एकाच वायरीवरून ओढली की तिच्यावर भार पडतो, आणि पॉवर सप्लाय आपण होऊन बंद होतो. त्यात विजेच्या कंपनीचा संबंध नाही, जिन्यातल्या दिव्याचा नाही, आणि इस्त्रीचा तर मुळीच नाही. तिने इमारतीचे चित्र लावले. संगणक बंद पडला नाही. चित्र पूर्ण झाले, खिडकीत ऊन पडले, फार सुंदर दिसत होते. ती टाळी वाजवणार तेवढ्यात थांबली आणि म्हणाली, "मग काकूची लाईट कशासाठी तोडली?" मी तक्रार केली हे तिला कुणी सांगितले नव्हते. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळले. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलते.

१३. आता एक बाब अशी, जी बड्या बाबूंनी विचारलेली नाही आणि मी लिहिली नाही तर कधी उघडकीसही येणार नाही. वहिनींचा व्यावसायिक मीटरचा अर्ज आपल्याकडे अडला होता, तो 'सहमालकाचे संमतिपत्र जोडावे' या शेऱ्यावर. सहमालक मी आहे. शेरा आला तसे मी संमतिपत्र लिहून काढले, सही मात्र केली नाही आणि ते टेबलाच्या खणात ठेवले. वहिनी विचारत तेव्हा, सरकारी काम आहे, वेळ लागतोच, असे सांगत असे. खरे कारण हे की, ती पुढची खोली रस्त्यालगत आहे आणि कन्येला पुढेमागे ऑफिसला होईल, असे माझ्या मनात होते. एकदा दुकानाचा मीटर बसला की खोली हातची गेली. कन्येने ती कधी मागितली नाही. तिला हे कळले तर ती माझे तोंड पाहणार नाही. म्हणजे साहेब, ज्या गुन्ह्यासाठी मी वहिनींची वीज तोडायला लावली, तो गुन्हा त्यांच्याकडून मीच करवून घेत होतो. वायरीची चूक अज्ञानाने झाली. ही अज्ञानाने झाली नाही. जिन्यातला दिवा मंद झाला तेव्हा मला वहिनींचीच इस्त्री का आठवली, समोरच्या घरातला पाण्याचा पंप का नाही आठवला, याचे उत्तर मला ठाऊक आहे आणि त्याची मला शरम वाटते.

१४. सबब विनंती की, सोबत जोडलेल्या, सही केलेल्या संमतिपत्राच्या आधारे वहिनींचा अडलेला अर्ज मंजूर करण्यात यावा, व तो मंजूर होईपर्यंत त्यांचा पुरवठा आज संध्याकाळच्या आत जोडण्यात यावा. तक्रारीवर कारवाई झाल्याची नोंद दाखवण्यासाठी कार्यालयास कोणाची तरी वीज तोडलेली दाखवणे भागच असेल, तर माझी तोडावी. शिडी मी देईन. तेही नियमात बसत नसल्यास माझ्या मीटरवरून खाली वायर टाकण्याची परवानगी मिळावी; येणारा सर्व भार मी सोसेन आणि तो किती येतो हे विचारणार नाही. खोटी तक्रार केल्याबद्दल जो दंड असेल तो लावावा, आणि नियमात नसेल तर कृपया नियम शोधावा.

१५. आणखी एक नम्र सूचना. माझा तक्रार अर्ज आपल्या कार्यालयाने मुळीच न तपासता खरा मानला, कारण तो चांगला लिहिला होता. आपला एक माणूस वर येऊन संगणक बघता, तर हे टळले असते. पण त्याचा दोष आपल्याकडे जात नाही, चांगला लिहिण्याचाच तो हेतू होता. यापुढे माझ्या अक्षरातील कोणताही अर्ज आला तर तो दोनदा तपासावा. हासुद्धा. वाटल्यास वायरमनला पाठवावे, कन्या त्याला दोन्ही वायरी दाखवील.

१६. वहिनी स्वभावाने फार चांगल्या आहेत. आमचे लग्न झाले तेव्हा माझ्या शर्टाला इस्त्री त्यांनीच केली होती. हे अर्जाच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे, परंतु अर्जात काय प्रस्तुत असते ते ठरवण्याची बुद्धी माझ्याकडे आता उरलेली नाही. त्यांचे रुग्णालयाचे काम गेले तर ते माझ्यामुळे गेले असेल, आणि त्यासाठी मला लिहिता येईल असा कोणताही अर्ज कुठल्याही कार्यालयात चालणार नाही.

आपल्या कृपेस पात्र नसलेला,
आपला नम्र,
(सही)
फाटकाबाहेरील अर्जलेखक

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो, फक्त आजचा पडावा.

सोबत :
१) सहमालकाचे संमतिपत्र, सही केलेले.
२) रुग्णालयाने परत पाठवलेल्या डागी कोटाचा फोटो.
३) कापलेली नाडी. तिला नोंद क्रमांक देता येत नसेल तर परत करू नये.

ता. क. : ज्याच्यासाठी अर्ज असतो त्याला तो वाचून दाखवल्याशिवाय मी कधी दाखल करत नाही. त्या रीतीप्रमाणे हा अर्ज आज सकाळी खाली जाऊन वहिनींना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. परिच्छेद ७ ला त्यांचे हात थांबले, परिच्छेद १३ ला त्या खाली बसल्या. मी थांबलो तर म्हणाल्या, "वाचा. अर्धवट नको." संपल्यावर त्यांनी हातातली घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "लाईट आज येईल ना? रुग्णालयाच्या माणसाला मला काहीतरी सांगायला लागेल." मी म्हणालो, साहेबांच्या हातात आहे.

आपणांस परिच्छेद १६ च्या शेवटी एक ओळ खोडलेली आढळेल. अशा अर्जांच्या शेवटी आम्ही ती नेहमीच घालतो, त्याने साहेब लोकांचे काम सोपे होते. तिथे मी लिहिले होते, 'सदर वहिनींची आता माझ्याबद्दल काही तक्रार नाही.' ती ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली आणि विचारले, "हे मला विचारून लिहिलंत का, भाऊजी?" मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याच हातातले पेन घेऊन ती स्वतः खोडली, आणि बाजूला सही केली आहे. तरी खोडलेला मजकूर विचारात घेऊ नये. बाकी सर्व अर्ज त्यांना मान्य आहे.